कोरडे कपडे

आमची आत्या बायंडर होती. एका छापखान्याच्या मागच्या खोलीत तिचं सगळं आयुष्य गेलं. छापलेल्या कागदांच्या घड्या घालायच्या, टाके मारायचे, पाठीला सरस लावायचा, कापड डकवायचं आणि वर वजन ठेवून वाळत घालायचं. लग्न तिनं केलं नाही. "पुस्तकं निदान उलट बोलत नाहीत," असं म्हणायची, आणि स्वतः मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला उलट बोलायची. सुई ओढून ओढून तिच्या बोटांना असे घट्टे पडले होते की चुलीवरचं भांडं ती फडक्याशिवाय उतरवायची.

रविवारी ती चर्चमध्ये गायची. कॉयरमध्ये तिच्याकडे खालचा सूर होता. वरच्या सुरात गाणाऱ्या बायकांचं उपासनेनंतर कौतुक व्हायचं, माना डोलावल्या जायच्या. खालचा सूर असा की असताना कोणाच्या लक्षात येत नाही आणि नसला की गाणं पोकळ वाटतं. आत्याचा आवाज जाड होता, किंचित घोगरा. "काय गोड गातेस!" असं तिला कोणी म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. "आलीस का? बरं झालं," एवढंच म्हणायचे.

तिनं काम सोडलं त्याच वर्षी आमच्या पाळकसाहेबांनी परदेशातल्या मंडळ्यांना, म्हणजे तिथल्या चर्चच्या लोकांना, भेट द्यायचं काढलं. त्यांची धाकटी बहीण लग्न होऊन तिकडे, लांबच्या एका किनाऱ्यावर राहत होती. तिला आम्ही सगळे ताईच म्हणायचो. ताई तिथल्या शाळेत शिकवायची. त्या किनाऱ्यावर गावोगावी लहान लहान मंडळ्या होत्या. कुठे वीस माणसं, कुठे तीस. बेत असा की आमच्यातल्या दहाबारा जणांनी जायचं, त्यांच्या घरी उतरायचं, त्यांच्याबरोबर उपासना करायची, प्रार्थनेच्या खोल्यांना रंग द्यायचा. आत्याचं नाव यादीत आलं ते खालच्या सुराला दुसरं कोणी नव्हतं म्हणून.

"सेवेबिवेला मी नाही चालले हं," तिनं पाळकसाहेबांना तोंडावर सांगितलं. "मला विमानात बसायचंय. सेवा झालीच तर ती वर."

पाळकसाहेब हसले. पुढे काय वाढून ठेवलंय ते त्यांना तरी कुठे ठाऊक होतं?

मी गेले नव्हते, तिकडचं सगळं आत्याकडून आणि ताईकडून ऐकलेलं. पहिली उपासना एका हार्डवेअरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होती. लाकडी जिना, भिंतीला खुंट्या, खुंट्यांवर ओळीनं जाड कोट, घडीच्या खुर्च्या. खिडक्यांच्या काचा समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यानं धुरकट झालेल्या. बाजाची पेटी एक म्हातारबाबा वाजवत होते. गीताची चाल आमच्या ओळखीची निघाली, शब्द तेवढे वेगळे. ताईनं सांगितलं, "आपापल्या भाषेत गा, काही बिघडत नाही."

पहिलं कडवं सुरू झालं. आत्यानं आपला खालचा सूर धरला. दुसऱ्या ओळीला पुढच्या रांगेतली एक बाई मागं वळली. मग तिच्या शेजारचा माणूस. मग आणखी दोघं. म्हातारबाबांचे हात मधेच थांबले आणि गाणं वाजवणाऱ्याशिवाय तसंच पुढं गेलं. आत्याला वाटलं, आपल्या तोंडाला काही लागलंय की काय! तिनं गाता गाता रुमालानं गाल पुसून घेतले.

उपासना संपल्यावर बायका तिच्याभोवती जमल्या. बाकीच्यांना त्यांनी हात मिळवले आणि सोडले. आत्याचा हात मात्र सोडेनात. एकीनं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि तशीच उभी राहिली.

"इथं असंच करतात का गं?" आत्यानं ताईला विचारलं.

"थकलात तुम्ही. घरी चला," ताई म्हणाली. हे काही उत्तर नव्हतं, हे आत्याच्याही लक्षात आलं.

पुढच्या गावी प्रार्थनासभा शाळेच्या वर्गात होती. तिथं मागच्या भिंतीला टेकून एक माणूस उभा होता. अंगात कामाचं जाकीट, खिशातून मोठा पान्हा बाहेर आलेला. तो गायला नाही. आशीर्वाद व्हायच्या आधीच निघून गेला. तिसऱ्या गावी तोच माणूस, तसाच भिंतीला टेकलेला.

"तो पान्हेवाला कोण गं?" आत्या चिडून म्हणाली. "त्याच्या बघण्यानं माझ्या पाठीला भोकं पडली."

"तो बघत नाही," ताई म्हणाली. "सगळा वेळ डोळे मिटून उभा असतो."

दुसऱ्या दिवशी आत्या ताईच्या स्वयंपाकघरात टेबलापाशी बसली होती. तिथल्या मंडळीची गीतांची पुस्तकं पार खिळखिळी झालेली, ती तिनं शिवायला घेतली होती. तिच्यानं रिकामं बसवत नसे. ताई समोर बसून बटाटे सोलत होती. आणि सोलता सोलता, मान वर न करता, तिनं सगळं सांगितलं.

तो माणूस प्लंबर होता. त्याची बायको खाडीपलीकडच्या मासळी डब्यात भरायच्या कारखान्यात कामाला जायची. रोज सकाळी लाँच पकडायची. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी धुकं होतं, लाँच सुटली, पण पलीकडे पोचली नाही. बहुतेक माणसं सापडली. काही जिवंत, काही नाही. ती सापडलीच नाही.

"ती आमच्या कॉयरमध्ये होती," ताई म्हणाली. "खालच्या सुराला."

आत्याची सुई थांबली.

"म्हणून माना वळल्या," ताई म्हणाली. "तुमचा आवाज तिच्यासारखा नाही, आत्या. तिचाच आहे. मला स्वतःला धड प्रार्थना म्हणता आली नाही त्या दिवशी."

तिचं दफन झालं नव्हतं. पुरायला काही नव्हतं हे एक. आणि दुसरं म्हणजे तिची आई. आई लेकीजवळच, म्हणजे आता जावयाजवळ राहायची. अंथरुणाला खिळलेली, डोळे गेलेले, हृदय नाजूक. धक्का सोसणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. जावयानं तिला सांगून टाकलं की लेकीला लांबच्या शहरात काम मिळालंय, मोठं काम आहे, सुटी नाही.

"आणि तिला खरं वाटलं?"

"ती काही विचारतच नाही. ती विचारत नाही म्हणून कोणी सांगत नाही."

संध्याकाळी प्लंबर स्वतःच दारात आला. बस म्हटलं तर बसला नाही. बोलणं जमेना तसा तो ताईच्या गळक्या नळाकडे वळला, पान्हा लावला, आणि पाठमोरा, नळाशी बोलल्यासारखा बोलला. ताईनं आमच्या भाषेत सांगितलं. त्याचं म्हणणं एवढंच होतं: पाहुण्या बाईंनी एकदा घरी यावं आणि आईच्या खाटेजवळ एक गीत म्हणावं. दुसरं काही नको.

तिथंच बसलेले पाळकसाहेब ताडकन उभे राहिले. "मुळीच नाही. आंधळ्या आईला लेकीच्या आवाजानं फसवायचं, आणि ते पण देवाचं गीत म्हणून?"

"दादा, तू तिला बघितलं नाहीस," ताई म्हणाली.

"बघायची गरज नाही. खोटं ते खोटं."

दोघा भावंडांची चांगलीच जुंपली. प्लंबरला शब्द कळत नव्हते, पण मान खाली घालून तो ऐकत होता. शेवटी आत्यानं मधे हात घातला.

"भांडू नका. मी जाईन. पण खोटं बोलायचं नाही. मी कोण, कुठून आले, हे आधी तिला स्वच्छ सांगायचं. मग गाईन. कबूल असेल तर सांग त्याला."

ताईनं सांगितलं. प्लंबरनं नळ घट्ट केला, हात पुसले आणि मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. ऊन होतं, आभाळ स्वच्छ होतं. पाळकसाहेब बरोबर आले, पण खालीच रस्त्यावर थांबले. अरुंद जिना होता. वर दारामागं पुरुषाचे बूट, आणि खुंटीवर बाईचा एक कोट. खाट खिडकीशी होती. म्हातारी एवढीशी. जावयानं तिचे केस विंचरले होते, भांग वाकडा पडला होता.

ताईनं कबूल केल्याप्रमाणे सगळं सांगितलं. ही पाहुणी आहे, परदेशातून आलीय, आमच्या मंडळीत गायली, तुमच्यासाठी एक गीत म्हणणार आहे. म्हातारीनं नुसतं "हं" केलं.

आत्या खाटेच्या कडेला बसली आणि गायला लागली. वरचा सूर नाही, बाजा नाही, नुसताच खालचा सूर. तो असा एकटा किती ओकाबोका लागतो हे तिला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. तिसऱ्या ओळीच्या मधोमध म्हातारीनं मोठ्यानं श्वास घेतला, इथं थांबतात असं लहान मुलाला शिकवावं तसा. आत्या तिथं कधीच श्वास घेत नसे. पण दुसऱ्या कडव्यात त्याच जागी तिचा श्वास आपोआप तुटला. म्हातारीचा चेहरा सैल झाला.

गाणं संपलं. म्हातारीनं हात पुढं केला, आत्याचं मनगट धरलं. मग बोटं बाहीवरून वर चढली, कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत, गळ्याशी आली आणि थांबली. हलक्या आवाजात ती काहीतरी बोलली. दारात उभ्या प्लंबरनं चौकट घट्ट धरली.

"काय म्हणाली?" आत्यानं विचारलं.

ताईनं आधी प्लंबरकडे पाहिलं.

"अगं, काय म्हणाली ती?"

"म्हणाली, 'कुठे होतीस ते मी विचारत नाही. पण आधी ते ओले कपडे बदल.'"

पाण्याचं नाव त्या घरात कोणी काढलं नव्हतं. प्लंबरनं शपथेवर सांगितलं, शेजारीपाजारीसुद्धा कोणी वर येऊन बोललेलं नाही. म्हातारीनं आपला तळवा गोधडीला पुसला, पुन्हा पुसला, आणि ती कुडकुडायला लागली. आत्याचं मनगट मात्र तिनं सोडलं नाही.

प्लंबरनं कपाट उघडलं. आतून एक राखाडी लोकरी स्वेटर काढला आणि तो हातात धरून आत्याकडे बघत राहिला.

"मला नाही म्हणायचं होतं," आत्या मला पुढे म्हणाली. "तोंडसुद्धा उघडलं होतं मी. पण तिचा हात इतका थरथरत होता गं."

तिनं आपलं वरचं जाकीट उतरवलं आणि तो स्वेटर घातला. बाह्या आखूड झाल्या. म्हातारीनं लोकर चाचपली, दोन्ही खांदे चाचपले, एक लांब उसासा टाकला आणि बघता बघता झोपली.

खाली पाळकसाहेबांनी विचारलं, "काय झालं?"

"गायले," आत्या म्हणाली. बाकीचं त्यांना ताईकडून कळलं.

आत्या परत आली ती वेगळीच. तोंडाचा पट्टा बंद झाला. कॉयरमध्ये ती त्या गीताच्या तिसऱ्या ओळीत नको तिथं श्वास घ्यायला लागली. कॉयर शिकवणारे सर आधी समजावून थकले, मग रागावून थकले. "मी नाही घेत, सर. तो घेतला जातो," ती म्हणायची. घरी तिला दुसरीच सवय लागली. बोलता बोलता हात बाहीवर जायचा आणि पिळल्यासारखी बाही दाबायची. धुतलेले कपडे उन्हात खडखडीत वाळले तरी पुन्हा इस्त्री करायची. मी गेले की म्हणायची, "हात लाव बरं. ओलं आहे का?"

"कोरडं ठणठणीत आहे, आत्या."

"नीट बघ."

मग ताईचा फोन आला, पाळकसाहेबांना. म्हातारी आता गप्प राहत नव्हती. रोज संध्याकाळी विचारायची, ती परत का येत नाही? घरी आली होती, कपडे बदलले, मग पुन्हा कुठे गेली? जावयानं महिनाभर टोलवाटोलवी केली. शेवटी एके दिवशी तो खाटेशी बसला आणि लाँचचं सगळं खरं सांगून टाकलं. डॉक्टरांना भीती होती तसं काही झालं नाही. म्हातारी म्हणाली, "ते मला कधीचं ठाऊक आहे. मग त्या दिवशी आली ती कोण?"

प्लंबर उठून बाहेर गेला.

पाळकसाहेब हे सांगायला आत्याकडे आले, तेव्हा मी तिथंच होते. 'मी बजावलं होतं' असं ते म्हणाले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

"मला बोलायचंय तिच्याशी," आत्या म्हणाली.

फोन लावला. तिकडे ताई म्हातारीच्या खाटेशी बसली. आत्या टेबलाच्या कडा दोन्ही हातांनी धरून बोलायला लागली. एकेक वाक्य बोलायची, थांबायची, ताईचं बोलणं संपायची वाट बघायची.

"आई, ती मी होते. पाहुणी. तुमची लेक नव्हती."

"तिचा स्वेटर मी घातला. घालायला नको होता. तुमचा हात थरथरत होता म्हणून घातला."

"माझे कपडे कोरडे होते, आई. त्या दिवशी पाऊस नव्हता, काही नव्हतं. तुम्हाला तसं वाटलं."

पलीकडून म्हातारीचा कापरा सूर, आणि मग ताईचा, त्याहून कापरा.

"म्हणाली, 'म्हणजे ती अजून ओलीच आहे.'"

आत्यानं डोळे मिटले. मला वाटलं आता ही फोन ठेवणार. पण ती म्हणाली, "विचार त्यांना, तिच्यासाठी काय करायचं?"

म्हातारीला विचार करावा लागला नाही. जणू कोणी विचारावं म्हणूनच ती थांबली होती. म्हणाली, "तिला पुरा. कोरड्या कपड्यांनिशी पुरा."

तसंच झालं. पुढच्याच आठवड्यात तिथल्या सुतारानं पेटी केली. लोकरीचे मोजे, जाड स्कर्ट, तो राखाडी स्वेटर, बूट, सगळं म्हातारीनं आधी खाटेवर मागवलं. एकेक कपडा गालाला लावून पाहिला. मोजे तिला दमट वाटले, ते पुन्हा शेगडीशी वाळवायला लावले. मग पेटी मिटली. तिला खुर्चीत बसवून चौघांनी त्या अरुंद जिन्यावरून खाली उतरवलं. सगळ्या किनाऱ्यावरच्या मंडळ्या आल्या होत्या. ताईनं आम्हाला सांगितलं, गीत झालं तेव्हा खालचा सूर कोणी धरला नाही. कोणी ठरवलं नव्हतं, पण कोणी धरला नाही.

त्याच वेळी इकडे आत्यानं पाळकसाहेबांना चर्च उघडायला लावलं. आम्ही तिघंच होतो. पाळकसाहेबांनी मृतासाठीची प्रार्थना पूर्ण म्हटली, जिला पाहिलंही नव्हतं तिचं नाव घेऊन. मग गीत त्यांनीच सुरू केलं, बेसूर, आणि मी ओढतओढत साथ दिली. आत्या तोंड मिटून बसली होती.

बाहेर आल्यावर पाळकसाहेब कुलूप लावत होते. आत्या पायरीवर बसली. मी शेजारी टेकले.

"आता सुटली ती," मी म्हटलं. "आणि तूही सुटलीस. खरं बोललीस, बरं केलंस."

"खरं कुठे बोलले?" आत्या म्हणाली.

ती माझ्याकडे बघत नव्हती.

"त्या दिवशी म्हातारीनं बाही धरली ना, तेव्हा मी पण हात लावला. पाणी होतं गं. चिंब होती बाही. थंडगार. खांद्यापासून गळत होतं. ताईला दिसलं नाही, त्या माणसाला दिसलं नाही. आम्हा दोघींनाच लागत होतं ते. स्वेटर घातला, आणि थांबलं."

"मग फोनवर तसं का सांगितलंस?"

"ती वाट बघत बसली असती. रोज संध्याकाळी, मरेपर्यंत." आत्या गुडघ्यांवर हात टेकून उठली. "लेक घरी येऊन गेली हे तिला सांगायचं, का लेकीला पुरू द्यायचं? मला दोन्ही एकदम नाही जमलं."

म्हातारी त्यानंतर वर्षभर जगली. ताई म्हणाली, शेवटी शेवटी ती शांत होती, दाराकडे कान लावायची थांबली होती. प्लंबर आता उपासनेला खुर्चीवर बसतो, पण गात नाही. आमच्या पाळकसाहेबांनी दुसऱ्या खेपेला आत्याला विचारलं, तेव्हा तिनं नको म्हटलं, आणि त्यांनीही आग्रह केला नाही. तिच्या जागी दुसरी एक बाई गेली. आवाज चांगला आहे तिचा. तिथं कोणी वळून पाहिलं नाही, असं ती परत आल्यावर म्हणाली, आणि आत्यानं तिला ते दोनदा सांगायला लावलं.